हात्सुनोबाईंच्या जेवणातला आवाज

हात्सुनोबाईंचं निम्मं बोलणं आवाजांचं. त्यांच्या लेखी बर्फ नुसता पडत नसे, संथ 'शिन्शिन' पडे. भात 'होकाहोका' वाफाळलेलाच हवा. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दाढ कशी दुखते? झुकिझुकि की बारीक शिकुशिकु?" तर फटकन म्हणाल्या, "झुकिझुकि! नुसती ठसठसतेय मेली." त्या दिवशी त्यांची शेवटची दाढ गेली. हिरड्या भरेपर्यंत कवळी नाही, मऊच खायचं, असं ठरलं.

आणि तिथेच घोडं अडलं. सुझुएनं, त्यांच्या सुनेनं, भाताची पेज केली. दोन चमचे घेऊन हात्सुनोबाईंनी वाटी सारली. "दोरोदोरो नुसती. चिखल कुणी गिळायचा?" आठवड्यात त्यांची मनगटं काडीसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईनला दवाखान्यात ठेवावं लागेल. ब्याण्णव वर्षांच्या बाईला घराबाहेर झोपायचं म्हणजे अर्धा जीव जाणार, हे सुझुएला ठाऊक होतं.

उत्तर जपानातल्या अकिताच्या त्यांच्या डोंगराळ गावात हिवाळ्याचं जेवण म्हणजे धुरवलेला मुळा. चुलीवर चार दिवस धुरात टांगायचा, मग कोंड्यामिठात दोन महिने दडपायचा. हात्सुनोबाईंना तो नसेल तर जेवण नाही. म्हणून सुझुएनं मुळा किसून पेजेत कालवला. त्यांनी जिभेवर घेतला मात्र, "वास मुळ्याचा नि मुळा मुका! फसवतेस होय मला?"

सकाळी देव्हाऱ्यात दिवंगत सासऱ्यांना भात ठेवताना सुझुएनं घंटा वाजवली आणि हात जोडले. "तुम्हीच सांगा हो त्यांना. माझं ऐकत नाहीत."

त्याच दिवशी शेजारची तोकी चहाला आली. चहाबरोबर मुळा ठेवणं तिथला रिवाजच. हात्सुनोबाई डोळे मिटून पांघरुणात पडल्या होत्या. तोकीनं तुकडा तोंडात टाकला. पोरिपोरि, पोरिपोरि.

"तोकी, टोकाकडचा घेतलास ना गं?" पांघरुणातून आवाज आला.

"अगं बाई! मिटल्या डोळ्यांनी दिसतं की काय काकू तुम्हाला?"

"दिसायचंय कशाला? टोकाला धूर जास्त लागतो, घट्ट वाजतं ते."

तोकी हसत दुसरा तुकडा चावू लागली. सुझुएचं लक्ष मात्र सासूच्या जबड्याकडे. तोंडात काही नसताना तो तोकीच्या चावण्याबरोबर हलत होता.

दुपारी सुझुएनं पेजेची वाटी सासूपुढे ठेवली आणि मुळ्याची बशी घेऊन शेजारीच बसली. लग्नाच्या एकतीस वर्षांत तिनं सासूसमोर आवाज करून चावलं नव्हतं. तुकडा गालात धरून मऊ करायचा नि हळूच गिळायचा, हीच तिची सवय. तशीच ती खाऊ लागली.

हात्सुनोबाईंनी कान दिला. "मांजर जेवतंय का गं?"

"नाही आई, मी..."

"मग चाव की धड! दात आहेत ना तुझे?"

सुझुएचे कान लाल झाले. तिनं दाढेखाली तुकडा धरला आणि कचकन चावला. पोरि! हात्सुनोबाईंनी चमचा उचलला. पुन्हा पोरि, पुन्हा चमचा. पेज तीच, बिनमिठाची. पण त्या ती चावून चावून खात होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "यंदा एक दिवस जास्त धूर दिलास. पण छान वाजतोय."

अर्धी वाटी झाली. सुझुएनं पाणी प्यायला हात आवरला.

"थांबलीस का?"

"खारट आहे हो आई, किती खाऊ?"

"चहा पी नि चाव. माझं अजून व्हायचंय."

अंगणातला बर्फ उपसून सुझुएचा नवरा एत्सुरो आत आला. बायको गाल फुगवून मुळा फोडतेय, म्हातारी वाटीचा तळ खरवडतेय, हे बघून तो दारातच थबकला. "हे काय चाललंय?"

"आम्ही दोघी जेवतोय," हात्सुनोबाई म्हणाल्या. "मधे बोलू नकोस, ऐकू येत नाही."