बारा चेहरे एका रेषेत

समजा, तुम्हाला बारा माणसांचे फोटो काढायचे आहेत. नुसते बारा फोटो नव्हेत, बारांचा एक संच. भिंतीवर शेजारी शेजारी लावले तर एकाच हातानं, एकाच नजरेनं काढलेले वाटले पाहिजेत. मग प्रत्येकाला त्याच खिडकीपाशी, त्याच स्टुलावर बसवायचं. उजेड एका गालावर, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, अंतर सहा फूट, फरशीवर खडूनं आखलेलं. मागं एकच पडदा. आणि समोरचा माणूस सरळ बघतोय ना, एवढं पाहून बटण दाबायचं. तुम्हाला जमेल ना?

क्रांतीलाही वाटलं होतं, जमेल.

कबनूरच्या पिराजींची ही थोरली पोरगी. पिराजी, म्हणजे तिचे आप्पा, अठ्ठावीस वर्षं यंत्रमागावर उभे. माग कामगारांच्या एका संपात ते पुढं होते, त्याच साली ही जन्मली, म्हणून नाव क्रांती. आई शालूबाई त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळायची. क्रांती दोन वर्षांपासून कोल्हापुरात फोटोग्राफीचा डिप्लोमा करत होती. राजारामपुरीत दोघींत एक खोली. वर्गात बाकी पोरांनी मैत्रिणींना सजवून रंकाळ्यावर नेलं होतं. क्रांतीला कोल्हापुरात फोटोला बस म्हणता येईल असं एकही माणूस नव्हतं. ती आपली कबनूरला गेली.

मागांना सुट्टी होती त्या दिवशी तिनं कांड्या भरायची खोली झाडून घेतली. त्या खोलीला उत्तरेची एकच खिडकी, उजेड मऊ आणि दिवसभर सारखा. पडदा म्हणून मागावरचं कोरं, न धुतलेलं कापड टांगलं. बारा माणसं एकेक करून आली. सरांनी शिकवलं होतं, माणसाला बोलतं ठेवा, म्हणजे चेहरा सैल पडतो. ती कॅमेऱ्यामागून बोलत राहिली. मौलाचाचा आप्पांच्या शेजारचे चार माग चालवायचे. ते बसले तेव्हा म्हणाले, आधार कार्डावरचा फोटू बघून नातू भ्यालाय, जरा बरा काढ. सगळे हसले. आप्पा शेवटी बसले, काही बोलले नाहीत, उठून गेले.

पंधरवड्यानं संच सम्राट सरांच्या टेबलावर गेला. सरांनी बारा प्रिंट एका ओळीत मांडल्या. उजेड चांगला आहे म्हणाले, रंगही जुळलेत म्हणाले. मग विचारलं, "माना का वाकड्या आहेत सगळ्यांच्या?"

"सरळच आहेत की सर."

सरांनी खणातून फूटपट्टी काढली आणि मौलाचाचांच्या डोळ्यांवर आडवी ठेवली. एक डोळा पट्टीच्या वर, एक खाली. पुढच्या फोटोवर ठेवली. तिथं उलट. बाराच्या बारा. कुणी उजवीकडं कललेला, कुणी डावीकडं.

क्रांतीला वाटलं, कॅमेऱ्याची तिपाई तिरकी असेल. पण तिपाईवरचा पाण्याचा बुडबुडा तिनं प्रत्येक वेळी मध्यात आणला होता. पडद्याच्या घड्या उभ्या होत्या, स्टुलाची कड आडवी होती. वाकडी होती ती फक्त माणसं. आणि तिला ती दिसली नव्हती.

सरांनी संच परत केला. वार्षिक परीक्षेला तीन आठवडे होते. ह्या संचावरच वर्ष होतं. तो पास झाला नाही तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, आणि मग कबनूरला आईच्या शेजारी कांड्यांच्या यंत्रावर बसायचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं संगणकावर फोटो फिरवून बघितले. डोळे आडवे झाले की पडदा कलंडायचा. मौलाचाचा बोटीत बसल्यासारखे दिसायला लागले. फोटो फिरवून माणूस सरळ होत नाही, हे तिला चौथ्या फोटोला कळलं.

खोलीतली दुसरी मुलगी राजनंदिनी, गडहिंग्लजची. दोघींत दोन वर्षांत साखर-चहापुरतंच बोलणं. ती सुट्टीला गावी निघाली होती, बॅग भरता भरता तिनं पलंगावर मांडलेले फोटो पाहिले.

"तुझ्या गावात सगळी अशीच बघत्यात व्हय?"

"कशी?"

"तुझ्यासारखी. तूबी तसंच बघतीस की. कोण बोलाय लागलं की मान तिरकी करतीस. वर्गातल्या पोरींना वाटतंय, तू माप काढायला लागलीस त्यांचं." मग तिला वाईट वाटलं असावं. "मलाबी आधी तसंच वाटलतं," एवढं म्हणून तिनं चेन ओढली आणि एसटी चुकेल म्हणत ती गेली.

क्रांती आरशासमोर उभी राहिली. आरशातली मुलगी सरळ होती. तिनं स्वतःशीच मोठ्यानं बोलून पाहिलं, काही कळेना. मग तिला उजेड तपासायला काढलेले स्वतःचे फोटो आठवले. त्या दिवशी आई दारातून काहीतरी विचारत होती आणि टायमर चालू होता. तिनं त्या फोटोवर पट्टी ठेवली. मान डावीकडं. तिचे दोन्ही कान ठणठणीत होते.

मग तिनं बारा प्रिंट पुन्हा हातात घेतल्या आणि एकेकाला बघत गेली. ही माणसं वाकडी बसली नव्हती. ऐकत होती. माग दिवसाला बारा तास कानाशी खडखडतो. वर्षं गेली की एक कान आधी जातो, दुसरा जरा मागं राहतो. मग माणूस उरलेला कान बोलणाऱ्याच्या पुढं करतो. जिच्या आसपासचा प्रत्येक चेहरा असाच कललेला, तिला तोच सरळ वाटणार. आई-बापाकडून पोर चालायला शिकतं, बोलायला शिकतं. क्रांती ऐकायला अशी शिकली होती.

वर्गातल्या पोरींना हे जाऊन सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण दोन वर्षांनी काय सांगणार, आणि कुणाला? खोलीत दुसरा पलंग मोकळा होता. तिनं कॅमेरा बॅगेत भरला.

मागांच्या पुढच्या सुट्टीला कांड्यांच्या खोलीत पुन्हा कोरं कापड लागलं. ह्या वेळी क्रांती बोललीच नाही. माग चालू असले की कारखान्यात कुणी तोंडानं बोलत नाही, सगळं हातावर चालतं. दोन बोटं जोडून फाकवली की धागा तुटला, मूठ मिटली की थांब. ह्या खुणा ती लहानपणापासून बघत आली होती. तिनं तळवा वर उचलला, मौलाचाचांनी हनुवटी वर घेतली. तिनं मूठ मिटली, ते थांबले. मान खांबासारखी सरळ.

"पावणी झालीस की गं," उठताना ते म्हणाले. "बोलायचीबी बंद."

ती हसली. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चाचा हसत नव्हते. आडव्या रेषेवर दोन डोळे नीट बसले होते, आणि ते डोळे कॅमेऱ्याकडं बघत होते. मागच्या वेळी ते तिच्याकडं बघत होते.

एकेक करत अकरा झाले. शेवटी आप्पा आले. हाताची खूण, हनुवटी, मूठ. आप्पा सरळ बसले, जसे हजेरीच्या ओळीत उभे राहतात तसे. तिनं बटण दाबलं. काम झालं होतं. संच पुरा झाला होता. ते स्टुलावरून उठणार, तेवढ्यात तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, "आप्पा."

आप्पांनी उजवा कान पुढं केला. सगळा चेहरा त्या कानामागून आला. कपाळावरची आठी सुटली, ओठ जरा उघडे. "काय गं?"

तिनं दाबलं. मग "काय न्हाई" म्हणाली. ते थोडे थांबले आणि बाहेर गेले.

संच पास झाला. परीक्षकांनी बारा सरळ चेहऱ्यांसमोर उभं राहून मान डोलावली, सम्राट सर म्हणाले, आता एकच नजर दिसते. तिसरं वर्ष पक्कं झालं. क्रांती खोलीवर आली. राजनंदिनी पुन्हा गावी गेली होती. तिनं तेरावा फोटो उघडला, जो तिनं कुणालाच दाखवला नव्हता. उजवा कान. त्याच्याकडं बघता बघता तिला कळलं, म्हणजे गेलेला कान डावा.

घरी जेवताना आप्पांच्या उजव्या हाताला भिंत असते. डावीकडं ती बसायची. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये अशीच डावीकडं बसून, भीत भीत, ताटात बघत तिनं विचारलं होतं, आप्पा, मी कोल्हापूरला फोटोग्राफी शिकायला जाऊ? आप्पा म्हणाले होते, "हं." आई चुलीपासून म्हणाली, व्हय म्हणालं बघ. आठवड्यानं सकाळी दारात बॅग दिसली तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, "कुठं गं चाललीस?"

क्रांतीला तो टोमणा वाटला होता. तिनं उत्तरही दिलं नव्हतं. पाया पडून निघाली होती. तेव्हापासून आप्पा तिच्याशी फारसे बोलले नाहीत. फोन केला तर आईच घेते, आप्पा शेजारी बसलेत म्हणते. ते रागावलेत, असं धरून तिनं दोन वर्षं काढली. आता तेही खरं की खोटं, तिला सांगता येईना.

तिनं घरी फोन लावला. आईनं उचलला, पास झाल्याचं ऐकून शेजारच्या बायडाबाईला हाक मारून सांगितलं. आप्पा कुठं आहेत, असं क्रांतीनं विचारलं. हितंच हाईत की, आई म्हणाली, देऊ काय? फोनवर ओरडून विचारायची ही गोष्ट नव्हती. त्यासाठी कबनूरला जायला हवं, भिंत आणि आप्पा यांच्यामध्ये कसंतरी शिरून बसायला हवं, आणि उजव्या कानाशी म्हणायला हवं: त्या दिवशी जेवताना तुम्ही मला जा म्हणालात, का मी काय विचारलं ते तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?