दीक्षाला आणायला गेलेली कांता

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळीत ईश्वर तायडेच्या पोरीबद्दल एकच बातमी होती, की दीक्षा बेल्जियमला शिकायला गेली. ही बातमी ईश्वरनंच पसरवली होती. खरी गोष्ट निराळी होती, अन् ती फक्त घरात होती.

खरी गोष्ट अशी, की हायस्कूल झाल्यावर कॉलेजात मिळालेली जागा पोट्टीनं वर्षभर पुढं ढकलली, आणि तिथल्या गेंट नावाच्या गावात एका घरी चार वर्षांची पोर सांभाळायला राहिली. त्या कामाला तिकडे ओ पेअर म्हणतात. त्यांच्याच घरात राहायचं, जेवायचं, पोर सांभाळायची, हातखर्चाला पैसे घ्यायचे आणि उरल्या वेळात भाषा शिकायची, देश पाहायचे.

ईश्वर मूर्तिजापूरच्या पलीकडल्या खेड्यातून शिकून वर आलेला इंजिनिअर. हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"माह्या आजीनं पाटलाची पोरं खेळवली, माह्या मायनं त्याचं आंगन झाडलं," तो कांताला म्हणायचा. "त्यातून सुटाले दोन पिढ्या लागल्या. अन् हे पोट्टी इमानाचं तिकीट काढून तेच कराले गेली."

मार्चच्या शेवटी त्यानं कांताच्या हातात तिकीट ठेवलं. "भीमजयंतीच्या आत तिले घिऊन ये. हॉलमंदी चार लोक विचारतीन. म्या किती दिवस खोटं बोलू?"

"बोलाले कोन सांगतलं होतं?" कांता म्हणाली. पण गेली. कारण पोरगी तिथं कशी राहते हे तिलाही आपल्या डोळ्यानं पाहायचं होतं.

कांता अंगानं ठेंगणी, बोलायला फटकळ. नेपरव्हिलच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायचं काम करायची. चीजवस्तू कुठं ठेवली यावरून माणूस कळतो, हे तिचं मत. गेंटला पोचल्यावर तिनं आधी दीक्षाची खोली पाहिली. जिन्याखाली नव्हती. वरच्या माळ्यावर होती, खिडकीची. गादी हातानं दाबून पाहिली. ठीक होती. तरी मनातली अढी काही गेली नाही.

घरधनीण डॉक्टर, नवरा बर्ट शाळेत गणित शिकवायचा, पोरीचं नाव लोटे. रविवारी दुपारी सगळे एका टेबलावर जेवायला बसले. दीक्षा मधोमध, तिच्या एका बाजूला लोटे, दुसऱ्या बाजूला कांता. कांतानं नेलेली जवसाची चटणी बर्टनं पावाला लोण्यासारखी थापली, आणि मग कितीतरी वेळ नुसता पाणी पीत राहिला.

जेवण आटोपलं तशी कांता उठली. सगळ्यांची ताटं एकावर एक रचली, पदर खोचला आणि मोरीकडे निघाली. पोरीच्या मालकानं पोरीला नावं ठेवू नयेत, एवढंच तिच्या डोक्यात. तिच्या मायनं हेच केलं असतं. मायच्या मायनंही.

"आई, बस ना," दीक्षा दबल्या आवाजात म्हणाली.

"काऊन? मंग तुलेच घासा लागन."

"मले नाई लागत. संडे बर्टचा हाये. त्याची टर्न."

"मानसाची?"

"हो. अन् आज तू त्याचं काम केलं, की पुढच्या संडेले थो मले म्हनन, तुझी मॉम किती छान करत होती. चालू हाये थो, ठेव ते ताटं."

कांतानं ताटं ठेवली. बसली, पण बसणं म्हणजे शिक्षाच झाली. समोर दोन डिग्र्या घेतलेला माणूस एप्रन बांधून पातेलं घासत होता आणि त्याचं बूड अर्धंच घासत होता. कांताचे हात शिवशिवत राहिले. दीक्षा मात्र खुर्चीत रेलून कॉफी पीत होती, आणि डॉक्टरीणबाई तिला विचारत होती की लोटेला पोहायला घालावं की नाही. विचारत होती, सांगत नव्हती. कांताला भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

ईस्टरच्या सुट्टीत ती मंडळी लोटेला घेऊन समुद्रावर गेली. दीक्षाला आठवडाभर मोकळीक.

"आई, चाल. हिंडू."

"कोनाकडे जाचं हाये?"

"कोनाकडेच नाई."

कांताच्या जन्मात असा प्रवास झाला नव्हता. गाडीत बसायचं ते लग्नाला, मयतीला, नाहीतर दीक्षाभूमीला. अमेरिकेत आले तेही नोकरीपायी. काही काम नसताना, कोणी बोलावलं नसताना, नुसतं पाहायला म्हणून निघालेली त्यांच्या घराण्यातली ही पहिली पोरगी. आणि तीही आपल्या कमाईवर.

लिएजच्या स्टेशनावर पुढची गाडी रद्द झाली. बोर्डाखाली माणसांचा नुसता गलका. एक म्हातारं अमेरिकन जोडपं सामानावर बसून राहिलं होतं. दीक्षा फ्रेंचमध्ये खिडकीतल्या माणसाशी बोलली, मग एका गार्डाशी गेंटकडच्या फ्लेमिशमध्ये, आणि आईसकट त्या दोघांनाही घेऊन भलत्याच फलाटावरच्या गाडीत चढली. गाडी बरोबर निघाली.

"कुठली गं तू?" म्हातारीनं इंग्रजीत विचारलं.

"नेपरव्हिल, इलिनॉय."

म्हातारी हसायलाच लागली. तिची बहीण बाजूच्याच गावात राहायची. मग तिनं कांताला विचारलं, मुलगी करते काय?

कांताच्या तोंडून आपसूक निघालं, "शी इज स्टुडंट."

"पुढच्या वर्षी," दीक्षा म्हणाली. "यंदा मी ओ पेअर आहे. चार वर्षांची मुलगी सांभाळते." सांगताना तिनं नजर खाली घातली नाही, की आवाज उतरवला नाही. कांता खिडकीबाहेर पाहू लागली. चोरी ईश्वरनं केली होती, पण पकडली गेली ती.

सीमेपलीकडे बॉनला उतरल्या. तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगानं चेरीची झाडं होती, गुलाबी, वर आभाळ दिसेना.

"याले फळ केवढं लागते?"

"हे नाई लागत. हे नुसतं फुलाचं हाये."

"मंग कायच्या कामाचं?"

"पाहाच्या."

बाबासाहेबांनी ज्या विद्यापीठात नाव घातलं होतं, त्याच्यासमोरच्या हिरवळीवर मायलेकी घरून नेलेले धापोडे, ज्वारीचे पापड, खात बसल्या. ऊन चांगलं पडलं होतं. कांतानं चपला काढल्या आणि ज्यासाठी आली होती ते बोलली.

"तुह्या बाबानं तुले आनाले धाडलं मले. जयंतीच्या आत. चालतं का माह्यासंग?"

दीक्षानं धापोडा संपवला. "नाई. जूनपर्यंत मी शब्द देल्ला हाये त्यायले. लोटेले बी. मधातच कशी सोडू?"

"त्यायनं आडवलं तुले?"

"नाई ना. बर्ट तर म्हने, जाचं असन तर जा. दुसरी पाहू." तिनं हातावरची मिठाची कणी झटकली. "म्हनूनच नाई जात."

तिच्या सासूला पाटलाचं आंगण सोडता येत नव्हतं म्हणून ती झाडत राहिली. हिच्यासाठी दार उघडं होतं, आणि ही आपल्या मर्जीनं आत उभी होती. दोन्ही कामं वरून सारखीच दिसत होती, म्हणून ईश्वर फसला. कांताही फसलीच होती की. तिनं पुन्हा विचारलं नाही.

ओहेअर विमानतळावर ईश्वरनं तिच्या मागं पाहिलं.

"कुठी हाये?"

"तिकडंच."

"तुले कायले पाठवलं होतं?"

"आनाले. पोट्टी आली नाई. अन् म्या बी वढली नाई."

ईश्वरनं तिची बॅग उचलून गाडीत टाकली. बाहेर एप्रिलातही बर्फ भुरभुरत होता.

जयंती शनिवारी आली. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलात निळ्या पताका, समोर बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली. मग प्रफुल्ल वानखडे माइकवरून मुलांची नावं वाचू लागला: कोणाला मेडिकल, कोणाला स्कॉलरशिप. "आणि आपल्या ईश्वरभाऊंची कन्या दीक्षा, बेल्जियममध्ये उच्च शिक्षण घेत आहे." टाळ्या पडल्या.

कांता उठली. "प्रफुल्लभाऊ, थांबा. हे चुकीचं हाये."

ईश्वरनं मान खाली घातली.

"थे तिकडं एका घरी लेकरू सांभायते. अन् सुट्टी भेटली की देश हिंडते. एकटी. म्या सोता पाहून आली. टाया वाजवाच्या तं त्याच्यावर वाजवा."

टाळ्या काही वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या सुचित्राकाकू वळल्या. "मग बोलवून घ्यायचं ना, ईश्वरभाऊ? आपल्या मुलींनी अशी कामं करायची म्हणजे..."

हे त्याचंच बोलणं होतं, महिनोन्‌महिने घरात बोललेलं. दुसऱ्याच्या तोंडून ते त्याला झोंबलं. ईश्वर उठला.

"बोलावलं होतं, काकू. माहं मानूसच पाठवलं होतं. आली नाई."

"का?"

"जूनपर्यंतचा शब्द देल्ला हाये तिनं." तो एवढ्यावर थांबेल असं कांताला वाटलं. पण त्याला आता जोर चढला होता. "पुढच्या जयंतीले राहीन थे इथंच. तिलेच इचारा. चार भाषेत सांगन."

"चार?" प्रफुल्ल माइकमधूनच म्हणाला.

"इंग्रजी, फ्रेंच, फ्लेमिश," ईश्वरनं बोटं मोजली, "अन् वऱ्हाडी. प्रफुल्ल, आता मघाचं थे शिक्षणाचं खोडून टाक. अन् जे हाये थे वाच."