पानावर फरक नव्हताच

सकपाळकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. पलीकडे त्यांची मुलगी सुजाता होती. "पप्पा गेले गं ताई... सकाळी चहा प्यायले, पेपर उघडला आणि..." मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. त्या क्षणी मला सगळ्यात आधी जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, भरपूर आलं, पण पहिला श्वास सुटकेचा होता. सहा वर्षं माझ्या घशात अडकलेली एक गोष्ट मी त्यांना जेमतेम दोन महिन्यांपूर्वी सांगून टाकली होती. ती सांगण्याआधी हा फोन आला असता तर मी आरशात तोंड बघू शकले नसते. आणि सुजातानं सांगितलेलं ते 'पेपर उघडला'... तेवढ्यानं मला इतकं बरं का वाटलं, हे कळायला आधी काका कळायला हवेत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मीरा रोडला पूनम सागरकडे जाताना एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन फ्लॅटमधली भिंत पाडून आमचं ऑफिस थाटलेलं होतं. बाहेरदेशातल्या एका कंपनीनं प्रोग्रामिंगची एक भाषा तयार केली होती आणि तिची जाडजूड मॅन्युअलं टाइप करून, मांडून, तपासून द्यायचं काम आमच्याकडे होतं. आम्ही तिघी टायपिस्ट, मालक नीलेशभाई, जे मनानं चांगले पण सदा घोड्यावर, आणि तपासायला सकपाळकाका. काका मूळचे मंडणगडकडचे, राहायला भाईंदर पूर्वेला, नवघरला. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात प्रुफं वाचण्यात घालवली होती आणि तो बंद पडल्यावर ते आमच्याकडे आले. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "ते खोकं तुमचं, कागद माझा," असं म्हणायचे आणि पेन्सिलीला टोक काढायला बसायचे.

आता थोडं आमच्या कामाचं सांगते. प्रोग्राम चालता चालता मध्येच अडखळतो. मागितलेली फाइल सापडत नाही, किंवा एखाद्या आकड्याला शून्यानं भागायची पाळी येते. अशा प्रत्येक अडचणीला त्या भाषेत एक ठरलेलं नाव होतं आणि या अडचणींना एक्सेप्शन म्हणत. अडचण आली की ते नाव पडद्यावर उमटायचं, आणि समोरचा माणूस मॅन्युअलच्या शेवटी असलेल्या सूचीत ते नाव शोधून बरोबर त्या पानावर जायचा. गंमत अशी की आम्ही तिघी ही नावं तीन तऱ्हांनी लिहीत होतो. एक तिरक्या अक्षरांत, दुसरी अवतरणचिन्हांत आणि मी आपली साध्याच अक्षरांत. काकांना प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचे तीन धडे टेबलावर शेजारीशेजारी मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हा इसम एकच ना? मग तीन वेशांत का फिरतोय?" आम्ही हसलो. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हे पान जो उघडणार तो आधीच अडकलेला आहे. त्याला आणखी शोधायला लावायचं नाही." त्या दिवशी ठरलं की एक्सेप्शनचं नाव धड्यात येवो, तक्त्यात येवो, नाहीतर तळटीपेत, ते सगळीकडे टाइपरायटरसारख्या अक्षरांतच दिसेल.

तपासायची त्यांची पद्धत छापखान्यातली होती. छापलेलं पान त्यांच्यापुढे, मूळ मजकूर माझ्या हातात. मी मोठ्यानं वाचायचं. जाड अक्षर आलं की बोटाच्या पेरानं टेबलावर एकदा टक, आणि एक्सेप्शनचं नाव आलं की दोनदा, टकटक. ती ऐकली की काका पानावरचं नाव बघायचे, अक्षर बरोबर असेल तर मान हलवायचे आणि म्हणायचे, "पुढे." मी ठोकायला विसरले तर तेच पेन्सिलीनं ठोकायचे. तेव्हा वीज रोज जायची. कॉम्प्युटर बंद पडले तरी आमचं वाचन खिडकीशी चालूच. शेजारच्या बाईंनी एकदा दारात येऊन विचारलं होतं, "दीदी, आपके यहाँ रोज फर्निचर का काम चलता है क्या?" काका दिवसभर खुशीत होते.

माझी नोकरी मात्र सहा महिन्यांच्या बोलीवर होती, ऑफिसातही आणि घरातही. सुनेनं बाहेर काम करायचं की नाही यावर आमच्याकडे रणकंदन होऊन शेवटी 'सहा महिने बघू' असं ठरलं होतं. या नोकरीवरून काढलं असतं तर दुसरी मिळाली नसती, म्हणजे मिळाली तरी करू दिली नसती. त्यातच सासूबाई तापानं पडल्या आणि तीन धडे दोन दिवसांत संपवायचे होते. एक्सेप्शनच्या नावाला नुसतं टाइपरायटरी रूप देऊन भागत नसे. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक नावावर एक खूण करावी लागायची. ती केली की अक्षर आपोआप बदलायचं, आणि शेवटी सूची तयार करताना मशीन त्याच खुणा वेचत जायचं. खुणा करायला वेळ लागतो म्हणून मी त्या केल्याच नाहीत, हातानं नुसतं अक्षर बदललं. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं, कुणाला काय कळतंय! सूची माझ्या डोक्यातच आली नाही. मग मी ती पानं काकांपुढे वाचली, प्रत्येक नावाला टकटक केली, काकांनी प्रत्येक नावाला मान हलवली आणि खाली सही केली.

छापील प्रती रवाना झाल्या आणि महिन्याभरानं फॅक्स आला. सूचीत त्या तीन धड्यांतलं एकही नाव नव्हतं. तो फॅक्स बघताक्षणी मला कळलं काय झालंय. नीलेशभाई कागद फडकवत काकांकडे गेले. "काका, ये क्या हो गया? या तीन चॅप्टरमध्ये नावं वेगळ्या टाइपात राहिली असणार, म्हणून मशीननं उचलली नाहीत. तुम्ही वाचलं होतं ना?" काका म्हणाले, "वाचलं होतं. सही माझीच आहे." त्यांनी ती पानं मागवली, भिंग घेतलं आणि खिडकीशी जाऊन एकेक नाव बघत राहिले. फरक दिसेना. दिसणार कसा? पानावर फरक नव्हताच! पण तो आहे असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, काकांनीही. बऱ्याच वेळानं त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "सगळ्यांना दिसतंय, मलाच दिसत नाहीये. डोळे गेले माझे." मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त... मी मूग गिळून बसले.

नीलेशभाईंनी त्यांना काढलं नाही हो, उलट "होता है काका" म्हणून चहा मागवला. काका स्वतःच गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तोच आहे म्हणून सांगितलं, तर काकांनी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानंही तेच सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरांवरचा विश्वासच काढून घेतला. महिनाअखेर ते नवघरला घरी बसले. ते तीन धडे दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच आलं. मी ते निमूटपणे केलं आणि महिन्याभरात पर्मनंट झाले. ऑफिसात पेढे वाटले. त्यातला एक काकांच्या रिकाम्या टेबलावर कुणीतरी चुकून ठेवला होता, तो मी उचलून पर्समध्ये टाकला.

पुढची सहा वर्षं मी नवघरच्या वाटेला गेले नाही. भाजी स्टेशनच्या पश्चिमेला घ्यायची, पूर्वेला काम निघालं की नवऱ्याला पाठवायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आणि अशीच एक दिवस भाईंदरच्या पोस्टात रांगेत उभी होते, तर हॉलच्या त्या टोकाकडून हाक आली, "अगं वैशाली!" एवढ्या गर्दीतून काकांनी मला पाठमोरं ओळखलं होतं. जवळ आले, कशी आहेस विचारलं आणि हातातला फॉर्म माझ्यापुढे धरला. "जरा वाचून सांग गं, सही कुठे करायची. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही." मी फॉर्म वाचला, बोटानं जागा दाखवली आणि त्यांनी बरोबर रेघेवर, एक केसही इकडेतिकडे न जाता, सही केली.

त्याच रविवारी कपाटातलं ते जुनं मॅन्युअल काखोटीला मारून मी नवघरला गेले. काकू भाकऱ्या थापत होत्या, सुजाता काकांना पेपर वाचून दाखवत होती. मी बसलेसुद्धा नाही. "काका, तुमचे डोळे गेले नव्हते," एवढ्यानं सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. खुणा, सासूबाईंचा ताप, फॅक्स, पेढे, सगळं. काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "सहा वर्षं यांनी पेपर हातात धरला नाय. आणि तुला एक शब्द बोलता आला नाय?" काकांनी हात वर केला. "थांब गं, मला आधी बघू दे." मी पानं उघडून दिली, हे खूण केलेलं, हे न केलेलं. त्यांनी भिंग आणवलं. एकदा या पानावर, एकदा त्या पानावर. "म्हणजे यात फरक नव्हताच?" "नव्हता काका." "शपथ?" "शपथ." त्यांनी पुन्हा बघितलं आणि मग लहान मुलासारखे ओरडलेच, "नाहीच आहे! सुजाता, बघ, नाहीच आहे फरक!" ते उठून गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. परत आले ते चष्मा पुसतच. म्हणाले, "मी तुझ्यावर रागावलोय, वैशाली. फार रागावलोय. पण ते नंतर करीन. आधी तो पेपर इकडे दे."

रागावणं त्यांनी खरोखर नंतर केलं, दर रविवारी थोडं थोडं. चहा पिता पिता मध्येच कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "त्या दिवशी बोलायचं होतंस." मी मान खाली घालायची. मग म्हणायचे, "हं, वाच." कारण आता काम होतं. नवघरच्या बौद्ध विहाराची स्मरणिका निघायची होती आणि काकांनी तिची प्रुफं आपण होऊन मागून आणली होती. वस्तीतल्या गेलेल्या माणसांचे उल्लेख तिच्यात जागोजागी होते, कुठे 'कालकथित' लावून जाड अक्षरांत, कुठे नुसतंच बारीक. काकांनी पहिल्याच पानावर पेन्सिल आपटली. "एक माणूस जाड आणि एक बारीक? सगळे गेलेत ना, मग सगळे सारखे." तेव्हापासून त्या प्रत्येक नावाला दोनदा टकटक ठरली. मी वाचायची, ठोकायची, ते मान हलवायचे. "माझ्या डोक्यात बसली तुमची ठोकाठोक, झोपेतपण ऐकू येते," असं काकू आतून करवादायच्या. पण त्या दोन महिन्यांत माझा चहा मला लागते तेवढीच साखर घालून यायला लागला होता, हे मी टिपलं होतं.

काका गेले तेव्हा स्मरणिकेची शेवटची पानं राहिली होती. जलदान विधी झाल्यानंतर सुजातानं बोलावलं म्हणून मी गेले. काकांच्या खुर्चीत ती बसली, हातात त्यांचीच पेन्सिल. मी मजकूर घेतला आणि वाचू लागले. शेवटच्या पानावर गेलेल्यांची यादी होती. एकेक नाव, एकेक टकटक, सुजाता मान हलवत होती. यादीच्या तळाशी विहारातल्या मंडळींनी हातानं एक नाव वाढवलं होतं आणि नव्या प्रुफात ते छापूनही आलं होतं. मी 'कालकथित' म्हटलं आणि कसंबसं काकांचं पूर्ण नाव वाचलं. बोट उचललं, पण ते टेबलावर उतरेना. सुजाता पानाकडे बघत थांबली होती, पेन्सिल तशीच हातात.

तेवढ्यात आतून काकूंनी ओट्यावर पळी ठोकली. दोनदा.

सुजातानं वाकून ते नाव बघितलं. वरच्या सगळ्या नावांसारखंच होतं, तितकंच जाड. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "पुढे."