हात वर करण्याआधी

सगळे हात वर गेले होते, एक सोडून. तो हात सुमनताईंचा होता. आमच्या शेजारच्या सुमनताई यंदा पहिल्यांदाच नगरसेविका झाल्या, म्हणून मी नगरपालिकेची सभा बघायला गेलो होतो. जुन्या मंडईच्या जागेवर पालिकेच्या मदतीने तीन मजली व्यापारी संकुल उभं करायचं, असा विषय होता.

"ताई, तुमचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, भाजीवाल्या बायका कुठे बसणार?" ताईंनी उभं राहून विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर सोय केलीय की."

"मग मला मान्य नाही. त्यांचे ओटे खाली द्या."

मला वाटलं, हात वर करायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात कुणाची तरी जन्मभराची बसायची जागा हलते. गाव असंच घडत जातं, कुणी विचारल्यामुळे आणि पुष्कळदा कुणीच न विचारल्यामुळे.

ताईंच्या शेजारी बसलेल्या दोघी नगरसेविकांनी आपले हात हळूच खाली घेतले. अध्यक्ष अभियंत्यांशी काही कुजबुजले आणि ओटे तळमजल्यावर ठेवायचं ठरावात आलं. मग पुन्हा हात वर झाले, तेव्हा ताईंनीही हात वर केला.

बाहेर पायरीवर भाजीवाल्या कमलबाई थांबल्या होत्या. ताईंनी निर्णय सांगितला, तशा त्या मोकळं हसल्या.

"बरं केलंत बाई. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी जिना कोण चढणार होतं?"