दिवाळीपर्यंतचा रफीक

रफीक गेल्याचं त्याच्या मुलीनं, नसरीननं, सकाळी फोनवर सांगितलं. झोपेतच गेला होता. लातूरला जाऊन माती दिली, परतलो, आणि बरेच दिवस कशात मन लागेना... मग एकदा तिचाच पुन्हा फोन आला. "चाचा, अब्बांची डिस्क तुमच्याकडं हाय ना?" लॅपटॉपचा पासवर्ड घरात कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून एका नातेवाइकानं तो दुकानात नेला, दुकानदारानं पासवर्डासोबत आतलं सगळंच पुसून दिलं. घरची डिस्क आधीच बिघडलेली. मराठी माध्यमाच्या पोरांसाठी रफीकनं आयुष्यभर रचलेली भौतिकशास्त्राची उदाहरणं आता फक्त नांदेडला, माझ्या कपाटातल्या त्या डिस्कवर होती. त्याचा क्लास नसरीनच पुढं चालवणार होती. ती प्रत उघडली नाही, तर तिच्या हाती वडिलांचं काहीच उरणार नव्हतं.

आम्ही नांदेडच्या कॉलेजात एकत्र शिकलो. मी तिथंच ग्रंथपाल झालो, तो लातूरला शिकवू लागला. भूकंपात त्याचं गावाकडचं घर बसलं. घरची माणसं त्या रात्री लातुरात होती म्हणून वाचली. त्याचे वडील शाळामास्तर. त्यांनी गणिताची कोडी लिहून ठेवली होती, एक प्रत एका पेटीत, दुसरी दुसऱ्या पेटीत. दगडमातीखालून यातली एकही धड निघाली नाही. "दोन प्रती होत्या रे," रफीक म्हणायचा, "पण छप्पर एकच होतं." पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं, इमारतीगणिक पाट्या चढल्या, ओळखीच्या लोकांनी शाखा काढल्या. हा आपला दोन खोल्यांत बसून उदाहरणं रचत राहिला.

लॅपटॉप घेतल्यावर त्याला बॅकअपचं सॉफ्टवेअर हवं होतं. निवडीत मला ओढलं, कारण माझी पुस्तकांवरची टिपणंही तोवर लॅपटॉपवर गेली होती. त्याची परीक्षा ठरलेली असे. एक फाईल बिघडवायची, दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरकडं आदल्या दिवशीची धड प्रत मागायची. पहिल्या सॉफ्टवेअरचा पडदा मोठा देखणा होता. पण लॅपटॉपवर खोडलेलं ते डिस्कवरूनही इमानानं खोडून टाकायचं. मी त्या सॉफ्टवेअरची बाजू घेतली तर रफीक म्हणाला, "लई चिकना हाय गडी, पण कालचं दाखव म्हटलं की खाली बघून राहिला." शेवटी एक साधंसं सापडलं. ते रोज संध्याकाळी बदललेल्या फायली उचलायचं आणि जुनी रूपं तारीखवार जपायचं. डिस्कला पासवर्ड घातला, तो दोघांना ठाऊक असेल असा. लॅपटॉपच्या पासवर्डाचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

प्रत दुसऱ्या गावात हवी, यावर तो अडून बसला. मग असं ठरलं, की दिवाळीला त्यानं फराळाला नांदेडला यायचं, ईदला मी शीरखुर्म्याला लातूरला जायचं, आणि येणाऱ्यानं आपली ताजी डिस्क देऊन जुनी परत न्यायची. भाभी हसायच्या. "भाऊजी, तुमी ईद मुबारक म्हणायच्या आधी वायर मागता!" पण ईद दरवर्षी मागं सरकते. एका वर्षी लक्षात आलं, की आमच्या दोन अदलाबदलींमधलं अंतर फारच वाढलंय. रफीकनं कॅलेंडर बघितलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "बकरी ईदलाबी येत जा. चंद्राचं आन् सॉफ्टवेअरचं जमून नाही राहिलं."

डिस्क घेऊन मी लातूरला गेलो. नसरीननं नव्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर घालून ठेवलं होतं. मी आमचा पासवर्ड टाकला. मग हिरवी पट्टी सावकाश पुढं सरकू लागली... भाभी दाराशी उभ्या होत्या. फोल्डर एकेक करून आली. नसरीननं तारखा पाहिल्या. "चाचा, दिवाळीपर्यंतचे अब्बा मिळाले." नंतरचं गेलं होतं. पण तिचा चेहरा निवळला होता.

एका उदाहरणाची जुनी रूपं तिनं उघडली. पहिल्यात नांदेडहून निघालेली बस कुठंही न थांबता लातूरला पोचते. पुढच्यात ती अहमदपूरला चहाला थांबते. त्याच्या पुढच्यात ड्रायव्हरला उशीर होतो आणि सरासरी वेग काढणाऱ्या पोरांची पंचाईत होते. भाभी म्हणाल्या, "हे तुमच्या बसनं येण्या-जाण्याचंच बघून लिवलंय."

"पोरांना यातलं कोणतं देऊ?" नसरीननं विचारलं.

"शेवटचं दे की."

तिनं शेवटचं उघडलं, थोडा वेळ पाहिलं, आणि बसला लोह्याला आणखी एक थांबा दिला. एक म्हातारी तिथं कोंबडी घेऊन चढते. संध्याकाळी सॉफ्टवेअरनं बदललेली फाईल उचलली. तारखांच्या यादीत रफीकच्या दिवाळीच्या तारखेच्या वर त्या दिवसाची तारीख येऊन बसली.