मल्लूअण्णाचा बँड

मल्लूअण्णा बँडकडे पाठ करून उभा राहायचा. समोर रंगीत दिवे, पोरं नाचताहेत, आणि हा पांढरा पायजमा-शर्ट घातलेला धिप्पाड माणूस हाताची घडी घालून, स्टेजकडे पाठ करून, डोळे मिटून उभा. हुबळीला एका पोरानं त्याला विचारलं होतं, की काका, तुम्ही सिक्युरिटीचे का? अण्णानं डोळे न उघडता मान हलवली. नंतर मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "बघत बसलं की ऐकाय येत न्हाय."

शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. धाकटा भाऊ शिवानंद माझ्या वर्गातला. मल्लूअण्णानं दहावीतच शाळा सोडून वडिलांबरोबर गादी धरली आणि शिवाला हुबळीला इंजिनिअरिंगला पाठवलं. तिथून शिवा एका सुट्टीत एक कॅसेट घेऊन आला. बेंगळूरच्या चारपाच पोरांचा बँड होता. गिटार, ड्रम, व्हायोलिन आणि एक घटम, म्हणजे वाजवायचा मातीचा घडा. शब्द जवळजवळ नाहीतच. एक गाणं सुरू झालं की अर्धी बाजू संपेपर्यंत तेच चालायचं. अडतीत ती पहिल्यांदा वाजली तेव्हा अण्णानं बंद करायला लावली. गुळाच्या गाड्या उलटल्यागत वाटतंय, म्हणाला. दोनचार दिवसांनी दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यानंच शिवाला हाक मारली आणि ते परवाचं लाव म्हणून सांगितलं.

मग आमचा नाद सुरू झाला. शिवा दर सुट्टीत आणखी एखादी कॅसेट आणायचा. बँड कुठं वाजवणार आहे हे शिवाला कॉलेजच्या मित्रांकडून कळायचं. अण्णा इकबालला निरोप धाडायचा. इकबाल आमच्या गल्लीतला, त्याची ट्रॅक्स गाडी होती. बेळगाव, धारवाड, हुबळी, पणजी, एकदा थेट बेंगळूर. घरी सांगताना पंचाईत व्हायची. कोल्हापुरात बँड म्हणजे वरातीचा. बँड ऐकायला निघालोय म्हटलं की अण्णाची आई विचारायची, कुणाचं लगीन हाय? आणि अण्णा गंभीरपणे सांगायचा, की पावण्यातलंच हाय.

प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याचा निकाल ठरलेला. 'लागलं' किंवा 'न्हाय लागलं'. एवढंच. ती पोरं काहीच ठरवून वाजवत नसत. तेच गाणं बेळगावात एक आणि पणजीत भलतंच. कधी जमायचं, कधी पार विस्कटायचं. मी एकदा म्हटलं, की एवढ्या लांब येऊन विस्कटलेलं ऐकायचं म्हणजे डिझेल फुकट. अण्णा म्हणाला, "लागंल का न्हाय ते त्यास्नीबी ठाव नसतंय. आदीच ठाव आसतं तर आपुन कशाला आलो आस्तो?"

नव्वदचं दशक संपता संपता त्यांचे वडील गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. तोवर शिवा इंजिनिअरिंगनंतरची नोकरी सोडून घरी, अडतीत आला होता. वाटणीचं कारण मला नीट कधीच कळलं नाही. व्यवहारापेक्षा शब्दांवरून जास्त बिनसलं असावं. अण्णा शिवाला 'तुझ्या शिक्षणाला मी राबलो' असं चारचौघांत म्हणाला, आणि शिवानं त्याला 'कोण सांगितलं हुतं राबाय?' असं उत्तर दिलं, एवढं मी ऐकलं होतं. अडतीच्या मधोमध विटांची भिंत आली. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

त्यानंतर धारवाडला बँड येणार असल्याचं कळलं. मी दोघांनाही सांगितलं. वाटलं, एकच जण येईल. सकाळी दोघंही ट्रॅक्सपाशी उभे. इकबालनं माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. अण्णा पुढं बसला, शिवा मागं, आणि मी शिवाच्या शेजारी. निपाणीला चहाला थांबलो तेव्हा अण्णा मला म्हणाला, "तेला इचार च्या घेतो का." शिवा हातभर अंतरावर होता. मी विचारलं. शिवा म्हणाला, "व्हय म्हणावं. साखर कमी." मी तेही सांगितलं.

त्या दिवशी पोरांचं मधेच तुटलं. घटमवाला एकीकडे, ड्रमवाला दुसरीकडे. चक्क थांबले, हसले आणि पुन्हा सुरू केलं. लॉजवर राहून दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो, तर कित्तूर यायच्या आधीच अण्णाचा निकाल आला, की लागलं नाही. मागून शिवा मला म्हणाला, पहिल्यांदा नसेल, दुसऱ्यांदा लागलं म्हणून सांग. मी सांगितलं. अण्णा म्हणाला, शेवट ओढूनताणून केला, सांग त्याला. मी सांगितलं. शिवा म्हणाला, व्हायोलिन खाली कसं उतरलं ते ऐकलं नाही म्हणावं. बेळगाव मागं पडलं, संकेश्वर मागं पडलं, तरी हे चालूच. शेवटी मी म्हटलं, माझा घसा बसलाय, आता तुमचं तुम्ही बघा. कागलपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही.

पुढची काही वर्षं अशीच गेली. एरवी रस्त्यात समोर आले तर दोघंही मान वळवून जायचे. मात्र ट्रॅक्स निघाली की दोघं हजर. या प्रवासांतून काही घडेल अशी आशा मी सोडून दिली होती. निरोप्याचं काम तेवढं इमानेइतबारे करायचो.

मग बँड मोडला. व्हायोलिनवाला परदेशी गेला, बाकीचे नोकऱ्यांना लागले. शिवानं सायबर कॅफेत वाचलं आणि माझ्याकडं आला. नेहमीसारखं म्हणाला, "सांग त्याला." मी गेलो. अण्णा गुळाची एक ढेप फोडून तुकडा चाखत होता. ऐकल्यावर त्यानं हातातला तुकडा खाली ठेवला आणि बराच वेळ बोटं पुसत राहिला. मग म्हणाला, "मग आता कुठं जायाचं?"

मला वाटलं, तो बँडबद्दलच बोलतोय.

पंधरवड्यानं त्यानं मला बोलावून घेतलं. गारगोटीला शाळेच्या पटांगणावर दुपारी एक ऑर्केस्ट्रा होता, तिकडं जाऊया म्हणाला. मी सांगितलं, की अण्णा, ती सिनेमातली गाणी म्हणणारी पार्टी आहे, तुला दोन मिनिटं सोसायचं नाही. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आसू दे की. इकबालला गाडी काढाय सांग. आन् तेलाबी सांग."

शिवानं कसला ऑर्केस्ट्रा म्हणून विचारलंसुद्धा नाही. आला.

कार्यक्रम भयंकर होता. भोंगे फाटत होते, गाणारा दर कडव्याला टाळ्या मागत होता. अण्णा सगळा वेळ उभा राहिला. ऊन कलायला लागल्यावर आम्ही निघालो. मुदाळ तिट्टा आला तरी निकाल लागला नव्हता. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच, त्यामुळं मलाही काम नव्हतं. बिद्रीच्या पुढं उसाच्या गाड्यांमुळं इकबालला थांबावं लागलं. इंजिन बंद झालं. तेव्हा मागून शिवा म्हणाला, "अण्णा, ह्येच्यापरास आपली जुनी कॅसेट बरी की."

माझ्याकडं न बघता, सरळ त्यालाच. अण्णानं मागं वळून बघितलं नाही.

"हाय का तुझ्याकडं?"

"सगळ्या हायत. पर वाजवाय काय न्हाय."

"टेप माझ्याकडं हाय," अण्णा म्हणाला.

वाटणीत कॅसेटचं खोकं शिवाकडं गेलं होतं आणि टेपरेकॉर्डर अण्णाकडं. इतकी वर्षं दोघांनीही घरी एक सूर ऐकला नव्हता. गाड्या पुढं सरकल्या. इकबालनं विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला.

पुढच्या रविवारी शिवा खोकं घेऊन भिंतीच्या पलीकडं गेला. मग दर रविवारी दुपारी जायला लागला. अडती एक झाल्या नाहीत. भिंतही तशीच राहिली, आणि त्या जुन्या शब्दांबद्दल कुणी कुणाची माफी मागितल्याचंही मला माहीत नाही. कॅसेट लागली की अण्णा भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा आणि शिवा पोत्यावर बसायचा. बाजू संपली की वाद. माझी गरज उरली नव्हती, तरी मी अधूनमधून जाऊन बसायचो.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात अण्णा हार्टफेलनं गेला. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी टेपरेकॉर्डर फडक्यात गुंडाळून शिवाकडं पाठवून दिला. आमच्यात कोण ऐकणार आता, म्हणाल्या. शिवानं तो तसाच परत नेला, अण्णाच्या गादीशेजारी जागच्या जागी ठेवला आणि वायर भिंतीवरच्या प्लगात खोचली.

"हितंच राहू दे, वैनी," तो म्हणाला. "ऐकाय मी येतो."