ऑपरेटरच्या जाकिटाचा रंग

कल्पना करा, तुम्ही शिवणकाम करता आणि तुम्हाला एक जाकीट बेतायचं आहे. नमुना म्हणून ते तुमच्या हातात मिळणार नाही. ते एका बाईच्या अंगात आहे, ती बाई टीव्हीत आहे, आणि टीव्ही कृष्णधवल. दर गुरुवारी संध्याकाळी ती अर्धा तास दिसते. चित्र थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. त्यातून ती टेलिफोन ऑपरेटर. म्हणजे बहुतेक वेळ मोठ्या बोर्डामागे बसलेली आणि कमरेच्या वरच काय ती दिसणारी. तुमच्या हातात खडू, समोर ब्राउन पेपर आणि पाठीमागे अख्खी गल्ली जमलेली. ऑपरेटर जरा खुर्चीतून उठली की एकच गिल्ला होतो, "उठली, उठली! मागचं बघा मावशी, मागचं!"

बघा जमतंय का.

माझ्या मावशीला जमलं. बरंचसं.

मालिकेचं नाव होतं 'पलीकडे कोण?' मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मला ती माहीत आहे ती मावशीच्या तोंडून, आणि तिच्या सांगण्याला आगापिछा नसतो, त्यामुळे सगळे भाग एकमेकांत मिसळलेले आहेत. एका लहान गावातली ही ऑपरेटर लोकांचे फोन जोडून देते, नको ते कानावर पडतं आणि मग तिला राहवत नाही. कुणाचं मोडलेलं लग्न जुळवते, कुणाच्या रुसलेल्या मुलाला घरी आणते. त्या दिवसांत गल्लीतल्या पोरी केसांत पेन्सिल खोचून हिंडायच्या, कारण ऑपरेटर खोचायची. कोपऱ्यावरच्या वाण्याने साध्याच पेन्सिली 'ऑपरेटर पेन्सिल' म्हणून विकल्या. दारावर थाप पडली की आतून आवाज यायचा, "पलीकडे कोण?" आणि बाहेरचा माणूस कितीही घाईत असला तरी त्याला उत्तर द्यावं लागायचं, "तुमचंच माणूस, बाई, जोडून द्या."

आणि जाकीट. आखूड, कमरेशी घट्ट, पुढे तिरकी पट्टी, त्या पट्टीवर बटणं. ते प्रत्येकीला हवं होतं.

मावशीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल, कपाटावर टीव्ही. मागे फरसबंदी अंगणात काकांची रंगाची पातेली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, कापड रंगवायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत सदा कुठल्या ना कुठल्या रंगाचे असत. मी लहानपणी ओळीने दिवस सांगायचे ते काकांच्या हातांवरून. काल निळे काका, आज पिवळे काका.

मावशीने तीन गुरुवारांत जाकीट कागदावर उतरवलं आणि गल्लीत धडाधड शिवून दिलं. मग एका भागात ऑपरेटर फोन ठेवून थेट कॅमेऱ्याकडे चालत आली. तिची तिरकी पट्टी मावशीने शिवलेल्या पट्टीच्या बरोबर उलट्या बाजूला होती. मावशीने पट्टी उतरवून घेतली होती ती ऑपरेटर आरशासमोर केस बांधते त्या दृश्यावरून; एरवी बोर्डावर चालणाऱ्या हातांआड पट्टी नीट दिसायचीच नाही. तोवर अर्ध्या गल्लीच्या अंगावर उलटी पट्टी चढली होती.

"आता काय गं मावशी?" कुणीतरी विचारलं.

मावशी क्षणभरही गडबडली नाही. "काय म्हणजे? घरी जाऊन आरशात बघा. बरोबर दिसेल. मग तक्रार कसली?"

आणि खरंच कुणी तक्रार केली नाही. पुढची सगळी जाकिटंही उलट्या पट्टीचीच झाली, कारण वेगळं घालून दिसायला कोणी तयार नव्हतं.

भांडण झालं ते रंगावरून.

गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, खरा रंग कुठला?" मावशी म्हणायची, "मरून." तेवढ्यात अंगणातून आवाज यायचा, "हिरवा! बाटलीचा हिरवा!"

"तुम्ही तुमचं पातेलं ढवळा."

"ढवळतोच आहे. करड्यातला हिरवा मला कळत नाही होय?"

काकांची त्यासाठी एक युक्ती होती. रंगवलेली कापडं ते दोरीवर टाकायचे आणि तिन्हीसांजेला, दिवे लागायच्या आधी, लांब उभे राहून डोळे बारीक करून बघायचे. त्या वेळी रंग मालवत जातात आणि उरतं ते टीव्हीसारखं असतं, असं त्यांचं म्हणणं. मावशीचं म्हणणं निराळं. त्या गोऱ्या बाईला हिरवा शोभणारच नाही, आणि जिने ते शिवलं तिला एवढी तरी अक्कल असेल. दोघांचं हे भांडण गिऱ्हाइकांना इतकं आवडायचं की काहीजणी नुसत्या ते ऐकायला येत. गल्लीत मरूनवाल्या आणि हिरव्यावाल्या असे दोन तट पडले.

मावशीचं स्वतःचं जाकीट मात्र कधी झालंच नाही. काकांनी तिच्यासाठी जाड, सुरेख, पांढरंशुभ्र कापड आणून ठेवलं होतं.

"तू नुसतं बोल. उद्या रंगवून देतो."

"मरून."

"ते सोडून बोल."

कापड कपाटात गेलं, डांबराच्या गोळ्यांसोबत. मालिका संपली. रंगीत टीव्ही आला. काका अधूनमधून विचारत राहिले, "मग, हिरवा करायचा का?" आणि मावशी म्हणत राहिली, "कापडाला घाई नाही, मलाही नाही."

काका मागच्या वर्षी गेले.

यंदा मावशीचा उजवा अंगठा दुखायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा झिजलाय, कात्री बंद करा. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर पांढरं कापड टेबलावर पसरलेलं.

"एक शेवटचं शिवणार आहे, चिमणे. माझं." मला ती अजून चिमणीच म्हणते. "पण रंग कळल्याशिवाय कात्री लावायची नाही. तू ते जुन्या चित्रांत रंग भरतेस ना? मग बघ की."

माझं काम तसंच आहे. जुनी, खराब झालेली चित्रफीत संगणकावर स्वच्छ करायची, कुणाला हवं असेल तर त्यात रंग भरायचे. मी म्हटलं, "मावशी, मरून कर की सरळ. आता कोण अडवतंय?"

"म्हणूनच तर. ते असताना मी जिंकले असते तर गोष्ट वेगळी. आता त्यांच्या माघारी मरून करून बसले तर ती लबाडी झाली."

"मग हिरवा कर."

"हिरवा केला तर तिथून हसतील."

मी शोधाशोध केली. टेलिव्हिजन केंद्राने त्या मालिकेच्या टेप पुसून त्यावर दुसरं काहीतरी भरून टाकलं होतं. पण एका हौशी संग्राहकाने चार मिनिटांचा तुकडा इंटरनेटवर टाकलेला सापडला. मी तो साफ केला, रंग भरायच्या प्रणालीत घातला आणि लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेले. जाकीट तपकिरी आलं. मी एक आकडा बदलला. जाकीट गडद निळं आलं.

मावशी चष्मा वर करून बघत होती. "हे काय? याला नक्की माहितीये की नाही?"

"तो अंदाज बांधतो गं. करड्या छटेवरून."

"म्हणजे तुझे काका करायचे तेच." तिने चष्मा काढून पुसला. "ते निदान चहा तरी करून द्यायचे."

मी त्या संग्राहकाला विचारलं. तो म्हणाला, टेप नाहीत, पण जुन्या स्टुडिओत पोशाखांचं प्रदर्शन लागलंय, तिथे ऑपरेटरचं जाकीट आहे. खरं.

मावशीने जायच्या दिवशी पिशवीत पांढरं कापड घेतलं. कशाला, विचारलं तर म्हणाली, "राहू दे जवळ." बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच आहे. मी सांगितलं नाही.

प्रदर्शनाच्या दालनात ऑपरेटरचा तो मोठा बोर्ड होता. जवळून बघितलं तर प्लायवुडचा, भोकं काळ्या रंगाने काढलेली. मावशी जरा नाराज झाली. "इथे तर काहीच जोडलेलं नव्हतं," ती म्हणाली. आणि मग बोर्डाच्या पलीकडे, दोरीमागे, बिनडोक्याच्या पुतळ्यावर जाकीट.

त्याचा पुढचा भाग विटकरी होता. पाठ विटकरी, उजवी बाही विटकरी. डावी बाही आणि कॉलर निळी. शाळेच्या गणवेशाचा असतो तसला निळा.

मी मावशीचा दंड धरला.

बाजूला खुर्चीवर बसलेली रखवालदार बाई सवयीने म्हणाली, "सगळे हेच विचारतात. दोन जाकिटं जोडलीत का म्हणून. मला काय माहीत? मी आले तेव्हापासून असंच आहे."

"असंच असणार," मावशी हळू आवाजात म्हणाली. "टीव्हीत कुठे दिसत होतं? तिथे सगळं एकच करडं."

मग तिला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग पोट धरून. बाकावर बसावं लागलं तिला. "विटकरी! आणि निळा! ना मरून, ना हिरवा! अगं, तिन्हीसांजेला डोळे फोडून घेतले माणसाने!" रखवालदार बाईपण हसायला लागली, कशाला ते तिला कळलं नसलं तरी. हसता हसता मावशीने पिशवी उचलून छातीशी धरली आणि तिचा आवाज बदलला.

"हरलो की गं दोघंही. आणि सांगायला मी एकटी."

मी तिच्या शेजारी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, आणि मग तिच्यातली शिवणारी जागी झाली. ती दोरीपाशी गेली. "पट्टी बघ. सुलटी आहे. आमच्याकडे उलटी होती."

"उलटी?" रखवालदार बाईने विचारलं.

"अख्ख्या गल्लीत." मग अगदी गोड आवाजात, "ताई, जरा बाहीच्या आतला टाका बघू का?"

"हात लावायचा नाही हो. पाटी आहे तिथे." तिने मावशीच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. मग उठली. "मी जरा पाणी पिऊन येते."

मावशीने दोरीवरून वाकून निळ्या बाहीचं टोक दोन बोटांनी उलटं केलं. मग विटकरी बाहीचं. मग कॉलर.

"एकाच हातचं आहे. नंतर जोडलेलं नाही. आणि हे बघ, आतून काठसुद्धा बांधलेत. टीव्हीत आतलं कोण बघायला येणार होतं? पण बांधलेत." बाही तिने नीट सरळ केली आणि तिच्यावरून हात फिरवला.

रखवालदार बाई परत आली तेव्हा मावशीने विचारलं, "शिवलं कुणी हे?"

"नटीचं नाव आहे बघा पाटीवर. दिग्दर्शकाचं आहे. शिवणाऱ्याचं नाही."

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत होती. आमचा थांबा यायच्या बेताला म्हणाली, "काकांच्या फळीवर रंगाच्या पुड्या आहेत अजून. बघू या, धरतो का."

रंग धरला. काकांच्या दोन पातेल्यांत, अंगणात, आम्ही दोघींनी ते कापड दोन तुकडे करून रंगवलं. माझे हात आठवडाभर काकांसारखे कोपरापर्यंत रंगलेले राहिले. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं.

मावशीने कात्री स्वतःच चालवली. थोडं कापायचं, अंगठा कोमट पाण्यात धरायचा, पुन्हा थोडं कापायचं. मी कापते म्हटलं तर म्हणाली, "तू रंग भर. कापायचं काम चुकलं तर मागे नेता येत नाही." पुढचा भाग, पाठ आणि उजवी बाही हिरवी. बाटलीचा हिरवा. डावी बाही आणि कॉलर मरून.

"अंग त्यांना दिलं," ती म्हणाली. "माझी एक बाही आणि कॉलर. कॉलर वर असते."

तिरकी पट्टी तिने उलटीच ठेवली. मी म्हटलं, आता तर सुलटी पाहून आलीस. तर म्हणाली, "आमचं असंच होतं."

जाकीट तयार झालं त्या दिवशी तिने ते घातलं, केसांत खडूची पेन्सिल खोचली आणि मशीनसमोर बसली. मी फोनवर फोटो काढला. मग मला सुचलं आणि मी त्यातले रंग काढून टाकले. हिरवा गेला, मरून गेला. बाही, कॉलर, पाठ, सगळं जवळजवळ एकाच करड्या रंगाचं झालं. कुठे काय जोडलंय, ओळखू येईना.

मावशीने फोन हातात घेतला. "हेच," ती म्हणाली. "अगदी असंच दिसायचं."

मी तिला बटण दाखवलं. ती दाबत राहिली. रंग आले, गेले, आले, गेले. मग रंग घालवून तिने फोन टेबलावर ठेवला आणि आपल्या मरून बाहीवरचा एक सुटा धागा दातांनी तोडला.

"एकच कळत नाही, चिमणे," ती म्हणाली. "त्या शिवणारीचं कापड कमी पडलं होतं, की तिच्याही अंगणात कुणी पातेलं ढवळत बसलं होतं?"